जुनी स्पोर्ट्स कूपे आणि नवी हॅचबॅक : खेड्यातल्या घरासाठी दोन्ही गाड्या कशा तोलून पाहाव्यात

माझा भाचा आर्वी तालुक्यात शेती करतो. गेल्या हंगामात कापसाचे पैसे हाती आल्यावर त्याच्या मनात दोन गाड्या घोळत होत्या. एक होती 1971 सालची एमजीबी जीटी, इंग्लंडमध्ये बनलेली दोन दारांची स्पोर्ट्स कूपे, जी आमच्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या मालगुजारी वाड्याच्या कोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. दुसरी होती मारुती सुझुकीची स्विफ्ट, 2024 च्या मे महिन्यात बाजारात आलेल्या चौथ्या पिढीतली. “मामाजी, दोघींतली चांगली कोणती?” असे त्याने विचारले, आणि त्या एका प्रश्नापायी आम्ही तीन आठवडे दोन्ही गाड्या तपासत हिंडलो. जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे, हे आधीच सांगतो. त्यामुळेच तपासणीची रीत आम्ही आधी ठरवून घेतली आणि गाड्या नंतर पाहिल्या. ती रीत येथे सविस्तर लिहीत आहे, कारण एमजीबीच्या जागी दुसरी एखादी जुनी कूपे असली किंवा स्विफ्टच्या जागी दुसरी एखादी लहान गाडी असली, तरी तपासण्याचा क्रम फारसा बदलत नाही.

पहिले काम गाडीजवळ न जाता घरीच करायचे आहे. एक वही घ्यावी आणि मागच्या वर्षभरात घरातल्या माणसांना कोणकोणत्या दिवशी गाडी लागली, ते महिन्यानुसार लिहून काढावे. आमच्या वहीत जूनमध्ये बियाण्यासाठी तालुक्याला मारलेल्या चकरा होत्या, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाल्यावर बाजार समितीत जाणे होते, एप्रिल-मे मधली लग्ने होती, आणि दोनदा मध्यरात्री आजीला घेऊन वर्ध्याला दवाखान्यात जावे लागले होते. प्रत्येक नोंदीपुढे एकच गोष्ट लिहावी : त्या दिवशी गाडी सुरू झाली नसती तर काम पुढे ढकलता आले असते का? ज्या कामांपुढे ‘नाही’ असे लिहावे लागते, त्यांची संख्या मोजावी. भाच्याच्या वहीत असे 40 दिवस निघाले. खेड्यात, जिथे रात्री दहानंतर एसटी नाही आणि रिक्षाही मिळत नाही, तिथे हाच आकडा सगळ्यांत मोलाचा आहे. ताकद, किंमत आणि ॲव्हरेज हे सगळे त्याच्यानंतर येते, कारण अडलेल्या दिवशी कोठ्यात उभी राहिलेली गाडी कितीही देखणी असली तरी घराच्या उपयोगाची नसते.

याच टप्प्यावर कागदपत्रांचा एक मुद्दा पाहून घ्यावा, कारण त्यावर बाकीची तुलना अवलंबून आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या, खाजगी वापराच्या आणि मूळ चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या वाहनाला केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशा नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आहे, नोंदणी 10 वर्षे टिकते आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा ठराविक कारणांसाठीच ती चालवायची असते. गाडीवर आधीची साधी नोंदणी अजून चालू असेल, तर तिचा जुना नंबर कायम ठेवता येतो. मात्र खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून सौद्याची गोष्ट काढण्यापूर्वी आरसी बुक मागून घ्यावे, त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, आणि नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे ते आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत, म्हणजे आमच्यासाठी एमएच-32 च्या कार्यालयात, जाऊन विचारावे. आरसी सापडत नाही, वडिलांच्या नावावर होती, नंतर करून देऊ, अशी उत्तरे मिळाली तर तिथेच थांबणे शहाणपणाचे.

यानंतर टेप घेऊन मोजमाप करावे. कागदावर या दोन गाड्या आश्चर्य वाटावे इतक्या जवळ आहेत. स्विफ्टची लांबी 3,860 मिलिमीटर आहे आणि एमजीबी जीटी तिच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरने लांब. दोघींचे मागचे दार वर उघडते. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना 165/80 आर 14 या मापाचे टायर येतात आणि जीटीलाही त्याच मापाचा टायर चालतो, त्यामुळे जुन्या गाडीला टायर कुठून आणायचे ही चिंता उरत नाही. फक्त रिमची छिद्रे वेगळ्या मापाची असल्याने एकीचे चाक दुसरीला बसत नाही. खरा फरक जमिनीपासूनच्या उंचीत आहे. स्विफ्टच्या पोटाखाली 163 मिलिमीटर जागा असते आणि जीटीच्या पोटाखाली साधारण 5 इंच, म्हणजे सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास. हा दीड इंचाचा फरक शहरात जाणवत नाही. आमच्या काळ्या मातीत मात्र ट्रॅक्टरने पावसाळ्यात पाडलेली चाकोरी उन्हाळ्यात दगडासारखी वाळते आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. आपल्या पांदण रस्त्यावर आणि गावाच्या तोंडच्या गतिरोधकावर जाऊन, आडवी काठी ठेवून हा उंचवटा टेपने मोजावा. आमच्या वावराच्या वाटेवर तो सहा इंच भरला. याचा अर्थ जीटी डांबरी रस्त्यापलीकडे जाणार नाही, हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच कळले.

बसून पाहण्याला फार वेळ लागत नाही, पण सगळ्या घराला सोबत न्यावे. जीटीला मागे एक सीट आहे, तिच्यावर लहान मुलेच बसू शकतात. गाडी इतकी बुटकी आहे की आमच्या आजीला आत उतरताना दोघांचा हात धरावा लागला. स्विफ्टमध्ये पाच माणसे बसतात, आणि दवाखान्याच्या त्या दोन रात्री आठवल्या तर हा मुद्दा लहान नाही.

आता जुन्या गाडीची खरी तपासणी. येथे घाई करू नये. एक पूर्ण सकाळ द्यावी आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे, आणि थंड इंजिन सुरू होताना जी दुखणी दिसतात ती आपल्याला दिसणार नाहीत.

एमजीबीची बॉडी आणि चेसिस वेगवेगळे नसतात; पत्र्याच्या पेट्या जोडून केलेला सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यातली सर्वांत महत्त्वाची पेटी दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते. तिला कारागीर ‘सिल’ म्हणतात. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत गंजाने पोखरलेले असते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. मऊ फडक्यात गुंडाळलेले साधे चुंबक सिलवरून, चाकांच्या कमानीवरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकावरून हळूहळू फिरवावे. जिथे पत्रा आहे तिथे ते धरून ठेवते आणि जिथे पुट्टी भरली आहे तिथे सुटते. त्यानंतर दार बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट पाहावी, मग गाडी त्याच बाजूला जॅकवर उचलावी आणि फट पुन्हा पाहावी. फट कमी-जास्त झाली किंवा दार उघडताना अडले, तर सिल आतून गेली आहे. आम्ही पाहिलेल्या गाडीत डावीकडची फट जशीच्या तशी राहिली. उजवीकडे मात्र वरची फट मिटून दार खांबाला घासले. रंगाखाली दडलेला हा एक दोष इंजिनाच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त खर्चाचा ठरू शकतो, कारण ती पेटी कापून नवी वेल्ड करायची तर दाराला आतून आधार देऊन, मापे धरून काम करणारा माणूस लागतो. ट्रॅक्टरची ट्रॉली उत्तम जोडणारा आमचा वेल्डिंगवाला या कामाला हात लावणार नाही, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले.

मागच्या सीटखालची झाकणेही काढायला लावावीत. या काळातल्या एमजीबीत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असतात, आणि ॲसिडने त्यांची पेटी खाल्लेली असण्याचा संभव असतो. गाडी 1967 पूर्वीची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी : त्या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून दुसऱ्या गाडीची वायर नेहमीच्या पद्धतीने लावून ती सुरू करायला जाऊ नये.

इंजिनाच्या बाबतीत आम्हाला एक सुखद गोष्ट कळली. आमच्याकडे एक वयस्क मिस्त्री आहेत, ज्यांचे उमेदीचे सगळे आयुष्य ॲम्बेसेडर दुरुस्त करण्यात गेले. त्यांनी बोनेट उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, इंजन तं आपलंच हाये!” ते खरेच आहे. जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचे 1489 सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी सिरीज’ घराण्यातले आहे. दोघांत पिस्टनची धाव 88.9 मिलिमीटरच आहे. फक्त सिलिंडर 73 च्या ऐवजी 80.26 मिलिमीटर रुंद आहे. त्यामुळे पिस्टन-रिंग एकमेकांना चालत नाहीत, पण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, लावण्याची, ठिणगीचे पॉइंट साफ करण्याची, टायमिंग धरण्याची हाताची सवय तीच राहते. आपल्या पंचक्रोशीत असा मिस्त्री आहे का, त्याचे वय काय आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकते आहे का, ही चौकशी जुनी गाडी घेणाऱ्याने अवश्य करावी. माझ्या मते ही चौकशी गाडीच्या किंमतीइतकीच महत्त्वाची आहे.

मिस्त्रींनी पुढे जे केले ते कोणालाही करता येईल. त्यांनी चावी फिरवली पण स्टार्टर मारला नाही. मागच्या बाजूने टिक-टिक असा आवाज आला, तो थोड्या वेळाने मंदावला आणि थांबला. हा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कार्बोरेटर भरले की तो थांबला पाहिजे. टिकटिक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळते आहे किंवा कार्बोरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट अडकला आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा पाहावा : चालत्या गाडीत 50 ते 80 पाउंड आणि आयडलला, म्हणजे गाडी जागेवर उभी असून इंजिन चालू असताना, 15 ते 25 पाउंड असले तर बेअरिंग बरी आहेत असे समजायला हरकत नाही.

दोन प्रश्न मालकाला थेट विचारावेत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले. त्या काळच्या इंजिनांतली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट शिशाच्या थराने वाचत असे. ते नसताना सीट हळूहळू खचते आणि टॅपेटची फट पुन्हापुन्हा मिटते. हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवल्या आहेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न रबराचा. आता पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल जुने रबर फुगवते व तडकवते, आणि ओलावाही शोषून घेते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरमधले रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवलेले असले पाहिजेत. तडकलेला पाइप गरम एक्झॉस्टवर गळला तर आग लागते. हे दोन्ही बदल झाल्याचे बिल दिसले नाही, तर खर्च आपल्याच खात्यात धरावा.

नव्या गाडीला इतके लिहावे लागत नाही. स्विफ्टचे 1197 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन इथेनॉलच्या पेट्रोलसाठीच बनलेले आहे, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आहेत, आणि सर्व्हिसची फेरी साधारण 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा येते. तीन सिलिंडरची थरथर आयडलला जाणवते. ती आपल्याला सहन होते का ते बसून पाहावे. तपासायचे आहे ते वेगळेच : सर्व्हिस सेंटर गावापासून किती किलोमीटरवर आहे, आणि तिथपर्यंत गाडी ओढून नेण्याची सोय विम्यात आहे का. कारण या गाडीत बिघाड झाला तर मिस्त्रीच्या कानाला तो कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. आणि सोयाबीनची पोती भरलेल्या गोदामात गाडी लावणाऱ्यांनी उंदरांचा विचार करावा. वायरिंगचा एक बारीक धागा कुरतडला गेला की नवी गाडीही जुनीसारखीच उभी राहते. पोत्यांपासून दूर, सिमेंटच्या ओट्यावर तिची जागा ठेवावी.

सगळ्यांत उपयोगी ठरते ती चाचणी म्हणजे दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच माणसाने चालवणे. आम्ही आर्वी ते तळेगाव हा रस्ता घेतला आणि दुपारी दोनची वेळ मुद्दाम निवडली. विदर्भात गाडी घ्यायची तर तिला मे महिन्यातले ऊन दाखवल्याशिवाय घेऊ नये. नवतपात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा गाडीचे खरे रूप कळते. निदान 20 किलोमीटर चालवून गाडी उन्हातच बंद करावी, घड्याळ लावून 15 मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावी. एमजीबीच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाखाली एक असतात. गाडी चालू असताना वाऱ्याने निभते, पण बंद केल्यावर खालची सगळी धग वर चढते आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळते. आम्ही पाहिलेली गाडी चौथ्या प्रयत्नात, पेट्रोलचा उग्र वास सोडत सुरू झाली. स्विफ्ट पहिल्या चावीला सुरू झाली आणि दोन मिनिटांत आतला गारवाही आला. जीटीला एसी नाही आणि मागची उतरती मोठी काच सगळे ऊन आत घेते.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, ताशी 50 वरून ब्रेक दाबून पाहावेत. जीटीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ते वाईट नाहीत, पण चाक अडकू न देणारी एबीएस नाही. जोरात दाबले की चाक अडकून गाडी घसरते. रात्री आमच्या रस्त्यावर रोही (नीलगाई) आणि रानडुकरे अचानक आडवी येतात, म्हणून दोन्ही गाड्यांचे दिवे अंधार पडल्यावर वेगळे पाहावेत. समृद्धी महामार्गावर जाण्याचा विचार असेल तर आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खाचा कितीही खोल असल्या तरी कोठ्यात वर्षानुवर्षे उभे राहिलेले टायर तापलेल्या काँक्रीटवर वापरू नयेत. तिथे 120 ची मर्यादा आहे. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय) नसलेल्या जीटीचे इंजिन त्या वेगाला मिनिटाला 4,000 पेक्षा जास्त फेरे घेते, आणि त्या आवाजात नागपूरपर्यंत बसणे किती जमेल ते स्वतः ठरवावे.

चालवण्याच्या आनंदाचीही नोंद वहीत झाली पाहिजे. ती न लिहिणे म्हणजे अर्धीच तुलना. कारंज्याच्या बाजूच्या वळणांवर जीटीच्या बारीक स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळत होता, गिअरचा छोटा दांडा मनगटाच्या एका हालचालीने बसत होता, आणि भाचा त्या तासाभरात एकदाही मोबाइलकडे पाहत नव्हता. हे सुख स्विफ्टमध्ये नाही आणि तसे कोणी म्हणत असेल तर मी मानणार नाही.

हिशेब करताना किंमत एका रकान्यात, पहिल्या वर्षाची दुरुस्ती दुसऱ्यात आणि दरवर्षीचा खर्च तिसऱ्यात लिहावा. 4 मीटरच्या आत आणि 1200 सीसीपर्यंत असलेल्या पेट्रोल गाडीवर 2025 च्या सप्टेंबरपासून 18 टक्के जीएसटी आहे, स्विफ्ट त्यात बसते. कंपनीचा दावा लिटरला 24.80 किलोमीटरचा आहे. जीटी 9 ते 10 देते. दावे बाजूला ठेवून टाकी काठोकाठ भरून, 100 किलोमीटर चालवून पुन्हा काठोकाठ भरावी आणि आकडा आपणच काढावा. थर्ड पार्टी विम्याचा दरही 1500 सीसीच्या वर वेगळा लागतो. जीटीला दर 5,000 किलोमीटरच्या आसपास पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलमध्ये ग्रीस द्यावे लागते. ट्रॅक्टरची ग्रीसगन घरात असतेच, तेवढा खर्च सोडून द्यावा.

भाच्याच्या वहीत शेवटी 40 दिवसांपुढे स्विफ्ट लिहिली गेली आणि तिचा धनादेश दिवाळीपूर्वी गेला. जीटीच्या मालकाला त्याने उजव्या सिलचे काम, कठीण सीट आणि पेट्रोलचे पाइप, या तीन गोष्टी झाल्याशिवाय बयाणा देणार नाही असे लेखी कळवले. मालकाने कारागीर शोधायला घेतला आहे. दर पंधरा दिवसांनी मिस्त्री आणि भाचा वाड्यावर जातात, बॅटऱ्या जोडतात, टिकटिक थांबण्याची वाट पाहतात आणि काटा 20 पाउंडावर स्थिर होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात.